एलडीएचच्या शेजारचा आकडा

एलडीएच ही रक्ताची तपासणी साधारण दोन-चारशे रुपयांत होते. उपाशी राहावं लागत नाही, मशीनवर लावलं की काही मिनिटांत आकडा येतो. लिम्फोमाच्या पेशंटच्या फाइलमध्ये मात्र या स्वस्त आकड्याला फार वजन असतं. आजार किती जोरात आहे, नेहमीच्या औषधांना तो कितपत दाद देईल, पहिल्या केमोला धोका किती, याचा अंदाज डॉक्टर ज्या मोजक्या गोष्टींवरून बांधतात, त्यांत एलडीएच असतंच. माझी सगळी नोकरी ठाण्यातल्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून झाली. मी बाळकुम गावठाणात राहते, आणि निवृत्तीनंतरही आळीतली माणसं रिपोर्ट घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्या अनुभवाच्या जोरावर मी ठामपणे सांगते: ज्या आकड्यावर माणसाच्या आजाराचं भाकीत बांधायचं, त्याच्या सॅम्पलची आपल्याकडे हेळसांड होते आणि ती थांबली पाहिजे. शिवाय तो आकडा ज्याचा आहे, त्याला तो नीट समजावून सांगितला गेला पाहिजे.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी जंतूंशी लढतात. रक्तातून त्या फिरतात, पण त्यांचा मुक्काम मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या, पोटातल्या ग्रंथींत असतो. म्हणून बहुतेकदा पहिल्यांदा हाताला लागते ती गाठ. कुणाला सोबत ताप येतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, वजन उतरतं. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं आणि त्यांच्या नावाने एक प्रकार ओळखला जाऊ लागला. बाकीच्या डझनावारी प्रकारांना मिळून नॉन-हॉजकिन म्हणतात. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. तो झपाट्याने वाढतो, पण वेळेत पूर्ण उपचार मिळाले तर निम्म्याहून अधिक पेशंट त्यातून पूर्ण बरे होतात. ही गोष्ट लोकांना माहीतच नसते. कर्करोग म्हटलं की घरात रडारड सुरू होते.

कोण बरा होईल आणि कुणाचा आजार उलटेल, हे एकटी बायोप्सी सांगत नाही. १९९३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक पेशंटची माहिती एकत्र केली आणि पाच गोष्टी वेगळ्या काढल्या. वय साठच्या पुढे, आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, ग्रंथींच्या बाहेर एकाहून जास्त अवयवांत पसरलेला, पेशंटची हिंडण्याफिरण्याची ताकद गेलेली, आणि रक्तातलं एलडीएच मर्यादेच्या वर. याला आयपीआय म्हणतात. यांतली एखादीच गोष्ट असलेल्या किंवा एकही नसलेल्यांपैकी ७३ टक्के पेशंट पाच वर्षांनी हयात होते. चार किंवा पाचही असलेल्यांत हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं होतं. पुढे रिटुक्सिमॅब हे औषध आलं आणि चित्र पालटलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये हेच पाच निकष रिटुक्सिमॅब मिळालेल्या पेशंटना लावून पाहिले, तेव्हा सर्वांत अवघड गटातही चार वर्षांनी ५५ टक्के पेशंट हयात होते आणि एकही निकष नसलेल्या गटात ९४ टक्के. त्याच वर्षी डॉ. रेड्डीज कंपनीने या औषधाचा भारतीय पर्याय बाजारात आणला, म्हणून ते आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या निदान आवाक्याजवळ तरी आलं.

या पाचांपैकी चार गोष्टी डॉक्टर पेशंटला बघून, विचारून आणि स्कॅनवरून ठरवतात. पाचवी आम्ही लॅबवाले ठरवतो.

एलडीएच हे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं एन्झाइम. पेशींची उलाढाल वाढली, त्या भराभर वाढू आणि मरू लागल्या, की ते रक्तात उतरतं. चूल जितकी जोरात पेटेल तितकी राख जास्त, तसा हा हिशेब. पण राख कुठल्या चुलीची हे ती राख सांगत नाही. यकृताला सूज असली, हृदयाला किंवा स्नायूला इजा झाली, तरी एलडीएच वाढतं. बी-१२च्या कमतरतेने मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया झाला असेल तर ते हजारांत जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आपल्याकडे बी-१२ किती सर्रास कमी असतं हे दाखवून दिलेलं आहे. साध्या कमतरतेने एलडीएच चढत नाही, अ‍ॅनिमिया झाल्यावर चढतं. तेव्हा शाकाहारी, फिकट पडलेल्या पेशंटचं एलडीएच वाढलेलं दिसलं, तर सगळं बिल लिम्फोमाच्या नावावर फाडण्याआधी सीबीसी या रक्तपेशींच्या मोजणीतला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघावा.

याहून मोठी गडबड सॅम्पलमध्येच होते. तांबड्या पेशींच्या आत एलडीएच सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळ्या द्रवाच्या, शंभर पटीहून जास्त असतं. थोड्याशा तांबड्या पेशी जरी नळीत फुटल्या, तरी आतलं एलडीएच सीरममध्ये सांडतं आणि आकडा चढतो. पेशी फुटायला काय लागतं? बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं, दंडाचा पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवत बसलं, सिरिंजमधलं रक्त सुईतूनच दाबून नळीत भरलं, नळी खळखळ हलवली. केमो घेतलेल्यांच्या शिरा आधीच कडक झालेल्या असतात, त्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं.

आणि मग प्रवास. उन्हाळ्यातल्या दुपारी काल्हेर-कशेळीकडच्या कलेक्शन सेंटरमधून निघालेला डबा मोटारसायकलवर बांधून आमच्याकडे यायचा. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून बाळकुम नाका ते कापूरबावडी हा रस्ता म्हणजे रोजची परीक्षा, आणि त्या खड्ड्यांतून डब्यातल्या नळ्या नाचत यायच्या. नियम असा की रक्त गोठू द्यायचं आणि काढल्यापासून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम पेशींपासून वेगळं करायचं. डब्यातल्या कित्येक नळ्या न फिरवताच यायच्या, सकाळी साडेनऊचं रक्त दुपारी दोनला. फिरवून झाल्यावर नळी उजेडाकडे धरायची, ही माझी सवय. चांगलं सीरम उसाच्या रसापेक्षा फिकं, स्वच्छ पिवळं दिसतं. पेशी फुटल्या असतील तर ते गुलाबी दिसतं, फारच फुटल्या असतील तर कोकमाच्या सरबतासारखं. गुलाबी सीरमवर एलडीएच लावायचं नाही, पोटॅशियम लावायचं नाही, पेशंटला परत बोलवायचं, हे आम्हाला डीएमएलटी या लॅबच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच शिकवलेलं. पण परत बोलवलं की सेंटरवाला नाराज, पेशंट नाराज, हिशेब बिघडतो. त्यामुळे कितीतरी ठिकाणी तसंच लावतात आणि रिपोर्टवर ‘सॅम्पल हिमोलाइझ्ड’ एवढे दोन शब्दही टाकत नाहीत. काही जण तर सीरम वेगळं न करता नळी तशीच बर्फावर ठेवून देतात आणि आपण काळजी घेतली असं समजतात. एलडीएचचे काही उपप्रकार थंडीत टिकत नाहीत. ते साध्या खोलीच्या तापमानालाच बरं राहतं.

एवढ्याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. १९९३च्या निकषांत मर्यादेच्या वर की खाली, एवढंच बघितलं जायचं. २०१४ मध्ये याच आयपीआयची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात एलडीएच मर्यादेच्या तिपटीपर्यंत असेल तर एक गुण आणि तिपटीच्या पुढे गेलं तर दोन. म्हणजे फुटलेल्या पेशींमुळे चढलेला आकडा पेशंटला एका गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवू शकतो. शिवाय एलडीएच खूप असेल तर पहिल्या केमोनंतर गाठी एकदम विरघळून युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम उसळण्याचा धोका असतो, त्याची तयारी आधी करावी लागते. खोट्या आकड्याने विनाकारण धावपळ होते. आणि एकदा का खोट्या आकड्यांची सवय झाली, की डॉक्टर खऱ्या आकड्यालाही ‘सॅम्पल खराब असेल’ म्हणून बाजूला सारतात. ते जास्त घातक.

आमच्या आळीत एक रिक्षा चालवणारा भाऊ आहे, पन्नाशीच्या आतला. त्याच्या मानेला गाठ आली. एका दवाखान्यात ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, वाढलेला बघून टीबी ठरवला आणि गाठीचा तुकडा न काढताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे मानेतल्या गाठीचा टीबी खरंच खूप असतो, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो आधी येणं चूक नाही. पण ईएसआर टीबीत वाढतो, लिम्फोमात वाढतो, साध्या दाढेच्या दुखण्यातही वाढतो. गाठ वाढतच गेली. शेवटी बायोप्सी झाली, डिफ्यूज लार्ज बी-सेल निघाला, आणि मंडळी परळला टाटाच्या वाटेला लागली. मधले महिने वाया गेले ते गेलेच.

एका संध्याकाळी त्याची बायको दोन रिपोर्ट घेऊन आली. चेहरा उजळलेला. “ताई, हे बघा, सहाशे दहा होतं, आता दोनशे नव्वद आलंय. अजून केमो सुरूबी नाय झाली, तरी अर्धं झालं. गोळ्यांनीच उतरलं असंल ना?” मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिला रिपोर्ट आमच्या भागातल्या एका लॅबचा. तिथे वरची मर्यादा ४६० छापलेली होती. दुसरा वेगळ्या ठिकाणचा, तिथे मर्यादा २५०. एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पायरूव्हेटचं लॅक्टेट होतं, दुसरीत लॅक्टेटचं पायरूव्हेट. पहिली क्रिया जास्त वेगाने होते, म्हणून तिचे आकडेही मोठे आणि मर्यादाही मोठी. सहाशे दहा म्हणजे मर्यादेच्या सव्वापटीहून थोडं जास्त, दोनशे नव्वद म्हणजे मर्यादेच्या सव्वापटीला थोडं कमी. दोन्ही वाढलेलेच. दोन्हींत गुण एकच. मी तिला म्हटलं, “वहिनी, आजार कमी नाही झालेला, मोजपट्टी बदललीय. पण घाबरायचंही कारण नाही, हे एलडीएच थोडंसंच वाढलेलं आहे, तिपटीच्या खूप खाली आहे. केमो चुकवू नका.” तिने टीबीच्या गोळ्यांना श्रेय देऊन केमो पुढे ढकलायचा विचार मनात केला होता, हे तिने नंतर सांगितलं.

आकड्याशेजारी छापलेली मर्यादा, म्हणजे रिपोर्टवरची नॉर्मल रेंज, वाचल्याशिवाय एलडीएच वाचताच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक नातेवाईक डॉक्टरला नुसतं ‘एलडीएच ६१०’ असं लिहून पाठवतात. समोरचा काय सांगणार?

हॉजकिन प्रकारात रक्ताचा वाटा याहून मोठा आहे. जर्मनीतले हासेनक्लेव्हर आणि डील यांनी १९९८ मध्ये पाच हजारांहून अधिक पेशंटवरून, आजार पुढे पसरलेल्यांसाठी सात निकष ठरवले. पुरुष असणं, वय ४५ किंवा जास्त, चौथा टप्पा, हे तीन. उरलेले चार सरळ लॅबमधून येतात: हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, अल्ब्युमिन चारच्या खाली, पांढऱ्या पेशी पंधरा हजार किंवा जास्त, आणि लिम्फोसाइट सहाशेच्या खाली किंवा आठ टक्क्यांहून कमी. एकही निकष नसेल तर पाच वर्षांनी आजार न उलटलेले ८४ टक्के, पाच किंवा जास्त असतील तर ४२ टक्के.

इथे मला आपल्या बायकांची आठवण येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. लॅबच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या बायकांत दहा हिमोग्लोबिन म्हणजे बातमीच नव्हती. ज्या बाईचं हिमोग्लोबिन लग्नापासून दहाच आहे, तिला हॉजकिन झाला तर तो एक गुण आजाराचा धरायचा की पाळीतल्या रक्तस्रावाचा आणि सगळ्यांना वाढून उरलेलं खाण्याचा? युरोप-अमेरिकेतल्या पेशंटवरून बांधलेला निकष आपल्याकडे जसाच्या तसा उतरत नाही. अल्ब्युमिनचंही तेच, कुपोषणात आणि जुन्या टीबीतही ते खाली जातं. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात, आजारामुळे आलेल्या अ‍ॅनिमियात बहुतेकदा आकार बराचसा ठीक असतो. फेरिटिन लोहाअभावी घसरतं, आजाराच्या जळजळीत उलट चढतं. बघणाऱ्याने बघितलं तर फरक कळतो. त्यासाठी आधीचे रिपोर्ट हवेत. बाळंतपणातला, सोसायटीच्या आरोग्य शिबिरातला, कसलाही जुना सीबीसी असू द्या, तो कपाटातून काढून ऑन्कोलॉजिस्टसमोर ठेवा. मी ओळखीच्या प्रत्येक घरात हे सांगते.

ईएसआरबद्दल अजून थोडं, कारण या तपासणीला सगळे हलक्यात घेतात. हॉजकिनचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर ताप-घाम-वजनघट नसताना ५० आणि असताना ३० हा ईएसआरचा उंबरठा धरतात, आणि त्यावरून केमो किती आणि रेडिएशन किती हे ठरायला मदत होते. वेस्टरग्रेनच्या पद्धतीत उभी काचेची नळी स्टँडला लावून तासाभराने पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. नळी तीन अंशांनी जरी कलली तरी आकडा तीस टक्क्यांपर्यंत चढू शकतो. टेबल हलत असेल, खोली तापलेली असेल, तरी चढतो. शेजारी सेंट्रिफ्यूज घरघरत असलेल्या टेबलावर ईएसआरचा स्टँड ठेवलेला मी पाहिला आहे.

लिम्फोमाचा संशय असताना आणखी एक गोष्ट आकड्यांना आणि बायोप्सीला दोघांनाही बिघडवते: आधीच दिलेलं स्टेरॉइड. गाठ, ताप, अशक्तपणा बघून कुणीतरी प्रेडनिसोलोन किंवा डेक्साची सुई देतं, पेशंटला दोन दिवस बरं वाटतं, गाठ बसते, एलडीएचही उतरतं, आणि मग काढलेल्या तुकड्यात काही सापडत नाही. श्वास अडतोय अशी तातडी नसेल तर निदानाआधी स्टेरॉइड नको. हे गावातल्या प्रत्येक दवाखान्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आता सांगण्याचा मुद्दा. आपल्याकडे निदान नातेवाइकांना सांगतात आणि पेशंटला ‘गाठीचं इन्फेक्शन’ म्हणतात. “बाबांना सांगू नका मॅडम, ते खचतील,” हे वाक्य मी रिपोर्टच्या खिडकीवर किती ऐकलं असेल! बाबा मात्र रिपोर्ट उघडतात, जाड अक्षरातला आकडा बघतात, रात्री मोबाइलवर शोधतात आणि कुठलीतरी २६ टक्क्यांची ओळ वाचून एकटेच जागत बसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की तो आकडा रिटुक्सिमॅबच्या आधीच्या काळातल्या, दुसऱ्या देशांतल्या पेशंटच्या एका गटाचा आहे. गटातले काही जण बरे होतात, काही होत नाहीत, आणि आपण त्यांतले कोण हे एलडीएच सांगू शकत नाही. डॉक्टरांना उपचाराची आखणी करायला त्याचा उपयोग. माणसाच्या आयुष्याची तारीख त्यात लिहिलेली नसते. अभिनेते शरद पोंक्षे यांनी आपला कर्करोग लपवला नाही, त्यावर ‘दुसरं वादळ’ हे पुस्तक लिहिलं आणि ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. एका नटाने असं उघड बोलल्याने आमच्यासारख्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत हा विषय पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला, याचं मला मोल वाटतं.

नवं संशोधन रक्तावर आणखी भर देतं आहे. साध्या सीबीसीतल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यांचा उंबरठा प्रत्येक अभ्यासात वेगळा येतो, म्हणून मी अजून त्यांवर पेशंटला काही सांगणार नाही. जास्त आशा वाटते ती रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएची. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की पहिल्या केमोनंतर हा डीएनए शंभर पटींनी घटला, तर पेशंटची पुढची वाटचाल बरीच चांगली असते. आपल्याकडे ती तपासणी सामान्य घराला परवडायला वेळ लागेल. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून तयार केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या सीएआर-टी, म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या, उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला मिळाला. औषधं संपलेल्या लिम्फोमाच्या पेशंटसाठी ही पवईत जन्मलेली आशा आहे. गंमत नाही, खरी गोष्ट सांगते: इतक्या पुढच्या उपचारातही डॉक्टर आधी एलडीएच बघतात आणि नंतर सीआरपी, फेरिटिन या जळजळ दाखवणाऱ्या आकड्यांवर डोळा ठेवतात. तेच साधे आकडे, तीच पिवळ्या झाकणाची नळी.

काही कंपन्या ‘फुल बॉडी’ पॅकेजात एलडीएच आणि तथाकथित कॅन्सर मार्कर घालून धडधाकट माणसांना विकतात. ते घेऊ नका. लिम्फोमा शोधायला एलडीएच निरुपयोगी आहे, तो सापडल्यावर त्याचं वजन करायला उपयोगी आहे.

२०२३ मध्ये आमच्या बाळकुमात, ग्लोबल हबच्या बाजूला, धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयाचं भूमिपूजन झालं. कोविडच्या पहिल्या लाटेत महापालिकेने याच ग्लोबल हबमध्ये हजार खाटांचं रुग्णालय काही आठवड्यांत उभारलं होतं, त्यामुळे या जागेवर आमच्या लोकांचा विश्वास आहे. ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली इथल्या पेशंटना परळचा लोकलचा प्रवास केमोच्या अंगाने झेपत नाही. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाला गर्दीच्या डब्यात ढकलणं धोक्याचंच. म्हणून असं रुग्णालय मला मनापासून हवं आहे. तिथल्या रेडिएशनच्या मशीनची चर्चा सगळे करतील. मी लॅबबद्दल बोलते. रक्त घ्यायची खोली आणि सेंट्रिफ्यूज एकाच मजल्यावर असावेत. कडक शिरांतून रक्त काढायचं खास शिक्षण घेतलेली माणसं तिथे कायम नोकरीवर असावीत, महिन्याच्या कंत्राटावर नकोत. पहिल्या सलाइनच्या आधी, स्टेरॉइडच्या आधी, सीबीसी, एलडीएच, अल्ब्युमिन, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन आणि हेपेटायटिस बी एवढं झालंच पाहिजे. शेवटचं विसरून चालत नाही, कारण रिटुक्सिमॅबने शरीरात झोपलेला हेपेटायटिस बी उठतो आणि लिम्फोमातून वाचलेला माणूस यकृत निकामी होऊन जाऊ शकतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोचा खर्च मिळतो, पण निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्यांचे पैसे बहुतेकदा घरातूनच जातात. लिम्फोमाचा संशय आल्यापासूनची रक्ततपासणी आणि बायोप्सी योजनेतून व्हावी. रिक्षाच्या कमाईवर चालणारं घर बायोप्सीचे पैसे जमवायला थांबतं, आणि तेवढ्यात आजाराचा टप्पा बदलतो.

खाजगी लॅबसाठी एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं मानांकन ऐच्छिक आहे. ते सक्तीचं होईल तेव्हा होवो. तोवर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी एवढं तरी करावं: कलेक्शन सेंटर चालवायचं असेल तर तिथे सेंट्रिफ्यूज असलाच पाहिजे आणि सीरम वेगळं करूनच डबा निघाला पाहिजे. रिपोर्टवर रक्त किती वाजता काढलं आणि किती वाजता फिरवलं, या दोन वेळा छापाव्यात. सॅम्पल फुटलेलं असेल तर तसं मराठीत लिहावं आणि दुसरं सॅम्पल फुकट घ्यावं. एलडीएचच्या आकड्यापुढे मोजण्याची पद्धत आणि वरची मर्यादा सारख्याच मोठ्या अक्षरांत असावी. सेंट्रिफ्यूजचं लहान मशीन काही हजारांत येतं, त्यासाठी निविदा आणि समित्यांची गरज नाही. आरोग्य विभागाने परिपत्रक काढावं आणि महिन्यातून एकदा कुठल्याही सेंटरवर न सांगता जाऊन नळ्या उजेडाकडे धरून बघाव्यात. तपासायला माणूस कमी पडत असेल, तर आमच्यासारखे निवृत्त टेक्निशियन ठाण्यात पुष्कळ आहेत, आणि बोलावलं तर मी येईन.